ऊन मवाळ, आकडा जहाल

जानेवारीतला रविवार. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सकाळी सातला फिरायला आलेल्यांच्या अंगात स्वेटर आणि गळ्यात मफलर असतात. मुंबईकराला १७-१८ अंश म्हणजे थंडीच. फिरणं आणि नाश्ता उरकून हीच मंडळी साडेअकराच्या सुमारास मुलांना घेऊन मैदानावर उतरतात, तेव्हा स्वेटर कमरेला बांधलेला असतो आणि पाठीवरचं ऊन हवंहवंसं वाटतं. बॅटिंगची वाट बघत बसलेलं कुणीतरी मोबाइल उघडतं. तापमान २९ अंश. खालच्या छोट्या चौकोनात मात्र लिहिलेलं असतं: ‘यूव्ही इंडेक्स ६, हाय’.

मे महिन्यात हा विरोधाभास आणखी ठळक होतो. नागपूर ४४ अंशांवर भाजत असतं, तेव्हा अंधेरीत पारा ३३-३४ च्या पुढे जात नाही. समुद्रावरून वारा येत असतो. घामाने जीव नकोसा होतो हे खरं, पण विदर्भातल्या उन्हासारखा चटका इथे बसत नाही. तरीही त्या चौकोनातला आकडा ११-१२ वर पोहोचतो, नागपूरच्या तोडीला. रंग जांभळा आणि शेरा ‘एक्स्ट्रीम’.

हवामान सौम्य आणि इशारा टोकाचा, हे कसं? अ‍ॅप चुकतंय असं म्हणून बहुतेक जण फोन खिशात टाकतात. अ‍ॅप चुकत नसतं. आपली त्वचा ज्याला ‘ऊन’ म्हणते आणि तो आकडा ज्याला मोजतो, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चटका वेगळा, अतिनील वेगळं

सूर्याकडून येणारा प्रकाश म्हणजे एक मोठं सप्तक मानलं, तर त्यातले मधले काही सूर आपल्याला दिसतात: तांबडा ते जांभळा. तांबड्याच्या खालचे सूर म्हणजे अवरक्त किरण. ते अंगावर पडले की गरम वाटतं. जांभळ्याच्या वरचे सूर म्हणजे अतिनील, म्हणजेच ‘यूव्ही’ किरण. ते दिसत नाहीत आणि जाणवतही नाहीत.

विल्यम हर्शेल यांना १८०० साली अवरक्त किरण सापडले ते थर्मामीटरमुळे. त्यांनी लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला. पुढच्याच वर्षी योहान विल्हेल्म रिटर यांनी दुसऱ्या टोकाला, जांभळ्याच्या पलीकडे, शोध घेतला. त्यांच्या कामी आलं सिल्व्हर क्लोराइड. प्रकाशाने काळं पडणारं हे रसायन जांभळ्याच्या पलीकडच्या अंधाऱ्या जागेत सर्वांत लवकर काळं पडलं. एक किरण उष्णतेने ओळखला गेला, दुसरा रासायनिक बदलाने. दोघांचा स्वभाव तेव्हाच स्पष्ट झाला होता.

जमिनीवर पोहोचणाऱ्या सौरऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा जेमतेम ३ ते ५ टक्के असतो. एवढ्याशा ऊर्जेने अंग तापत नाही. पण हे किरण पेशींमधल्या रेणूंची जोडणी बिघडवतात, डीएनएचीसुद्धा. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, काही तासांनी दिसतो. गोराईच्या किनाऱ्यावर दुपार घालवून आलेल्या मुलाचे खांदे रात्री आंघोळीच्या वेळी चुरचुरतात आणि दुसऱ्या दिवशी नाकाची सालं निघू लागतात. किनाऱ्यावर असताना त्याला काहीच झालेलं नसतं. थंड वाऱ्यात तो मजेत असतो.

तापमानाबद्दलची एक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. सांताक्रूझच्या वेधशाळेचं ‘कमाल तापमान’ हे सावलीतलं असतं. झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर टांगलेल्या थर्मामीटरने ते हवेचं तापमान मोजलेलं असतं. उन्हात उभ्या माणसावर काय पडतंय, हे त्या आकड्यात येतच नाही.

हा आकडा येतो कुठून?

अतिनील किरणांचे तीन प्रकार मानतात. सर्वांत घातक ‘सी’ प्रकार वातावरणाच्या वरच्या थरांतच पूर्ण अडतो. ‘बी’ प्रकार बराचसा अडतो, थोडा खाली येतो. त्वचा लाल करणारा आणि भाजणारा तोच. ‘ए’ प्रकार जवळजवळ अडथळ्याविना येतो, त्वचेत खोलवर जातो आणि सुरकुत्या, काळवंडणं, डाग यांना हातभार लावतो. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के ‘ए’च असतो.

निर्देशांक, म्हणजे अ‍ॅपमधला तो आकडा, काढताना सगळ्या किरणांना सारखे गुण देत नाहीत. त्वचा भाजण्याची ज्या किरणांची ताकद जास्त, त्यांना जास्त गुण. त्यामुळे संख्येने थोडा असूनही ‘बी’ प्रकारच आकडा ठरवतो. असा हिशोब करून दर चौरस मीटरमागे २५ मिलिवॉट भरले की निर्देशांक १ होतो. कॅनडाने १९९२ मध्ये ही पद्धत सुरू केली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटना व जागतिक हवामान संघटनेने ती जगासाठी एकसारखी केली. २ पर्यंत कमी, ३ ते ५ मध्यम, ६-७ उच्च, ८ ते १० अतिउच्च आणि ११ च्या पुढे टोकाचा. वरची मर्यादा नाही.

हा आकडा सरळ प्रमाणात चालतो, ही त्याची सोय. निर्देशांक ४ असताना अर्ध्या तासात त्वचेवर जेवढी मात्रा पडते, तेवढीच निर्देशांक १२ असताना दहा मिनिटांत पडते. अंधेरी स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत मे महिन्याच्या दुपारी गेलेली दहा मिनिटं अशी मोजावी लागतात.

गोधडीत खुपसलेली सुई

मुंबईच्या आकड्यामागचं सर्वांत मोठं कारण आहे सूर्याची उंची. घरातल्या जाड गोधडीत सुई सरळ खुपसली तर ती लगेच आरपार निघते. तीच सुई आडवी-तिरकी खुपसली तर तिला कितीतरी जास्त कापसातून वाट काढावी लागते. वातावरण ही गोधडी आणि सूर्यकिरण ही सुई. सूर्य डोक्यावर असला की किरणांचा प्रवास सर्वांत कमी हवेतून होतो. सूर्य क्षितिजापासून १५ अंशांवर असेल तर त्यांना जवळजवळ चौपट हवा ओलांडावी लागते. दिसणारा प्रकाश हा लांबचा प्रवास बऱ्यापैकी सोसतो. ‘बी’ प्रकारचे अतिनील किरण मात्र वाटेत जवळपास संपतात.

मुंबई १९ अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा मुंबईच्या बरोबर डोक्यावर येतो: मेच्या १५-१६ तारखेला आणि जुलैच्या २७-२८ तारखेला. शून्य सावली दिवस म्हणून शाळांमधून हे दिवस आता ओळखीचे झाले आहेत. मैदानात उभ्या केलेल्या पाइपची सावली दुपारी साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान त्याच्या पायातच गडप होते आणि मुलं टाळ्या वाजवतात. ज्या क्षणी सावली नाहीशी होते, त्याच क्षणी डोक्यावरची गोधडी सर्वांत पातळ झालेली असते. हे त्याच मुलांना सांगायला हवं, आणि प्रयोगानंतर त्यांना टोप्या घालायला लावायला हव्यात.

आता दुसरं टोक. २२ डिसेंबरच्या आसपास सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो. तेव्हाही मुंबईत तो दुपारी साडेसत्तेचाळीस अंश उंचीवर असतो. लंडनमध्ये त्या दिवशी तो जेमतेम १५ अंश वर येतो, म्हणून तिथला हिवाळी निर्देशांक एकच्या आत राहतो. लंडनच्या भर उन्हाळ्यातला, जूनमधल्या दुपारचा निर्देशांक ७ च्या आसपास असतो. मुंबईत डिसेंबर-जानेवारीच्या दुपारी तो ६-७ असतो. लंडनचे लोक ज्या उन्हात उघड्यावर जाताना क्रीम लावतात, जवळपास त्याच ताकदीचं ऊन बोरिवलीकर ‘कोवळं’ म्हणून अंगावर घेतात.

त्यात आणखी एक छोटी भर. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. जुलैच्या तुलनेत तेव्हा सूर्याकडून सुमारे ७ टक्के जास्त ऊर्जा मिळते. आपली थंडी आणि सूर्याची जवळीक एकाच वेळी येतात.

ओझोन: पिकतो इथे, जातो दूर

किरणांची ही वाट अडवतो तो ओझोन. ऑक्सिजनच्या तीन अणूंचा हा वायू जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर विरळ पसरलेला आहे. तो सगळा गोळा करून समुद्रसपाटीच्या दाबाला आणला तर त्याचा थर भरेल सरासरी ३ मिलिमीटर, एखाद्या थालीपिठाहूनही पातळ. या थराची जाडी ‘डॉब्सन एकक’ या मापात सांगतात. ३ मिलिमीटर म्हणजे ३०० एकक.

मुंबईवर हा थर वर्षातला बराच काळ २५० ते २८० एककांच्या दरम्यान असतो, जगाच्या सरासरीपेक्षा पातळ. यात गंमत अशी की ओझोन तयार होतो तो मुख्यतः विषुववृत्ताच्या पट्ट्यातच. तिथे प्रखर ऊन ऑक्सिजनचे रेणू फोडतं आणि सुटे अणू दुसऱ्या रेणूंना चिकटून ओझोन बनतो. पण उंचावरचे संथ वारे तो उचलून ध्रुवांकडच्या प्रदेशांत नेऊन साठवतात. ॲलन ब्रूअर आणि गॉर्डन डॉब्सन या दोघांनी १९४९ ते १९५६ च्या दरम्यान हा प्रवाह ओळखला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. कोकणात हापूस पिकतो आणि पेट्या भरून वाशीच्या बाजारात जातो, तसंच काहीसं. पिकवणाऱ्या गावात माल कमी, दूरच्या कोठारात जास्त.

म्हणजे मुंबईवर ‘ओझोनचं छिद्र’ आहे, असं मात्र नाही. अंटार्क्टिकावरचं ते छिद्र १९८५ मध्ये जगापुढे आलं आणि त्याला माणसाने बनवलेली शीतकरणाची रसायनं कारणीभूत होती. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारामुळे ती आवरली गेली. भारत १९९२ मध्ये त्या करारात सामील झाला. मुंबईवरचा पातळ थर नैसर्गिक आहे, पूर्वापार आहे.

भारतातल्या ओझोनच्या मोजणीत एका स्त्रीचं नाव आदराने घ्यायला हवं, आणि त्या कामाचं केंद्र होतं पुणे. ॲना मणी १९४८ मध्ये पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. परदेशी उपकरणांवर अवलंबून राहायचं नाही, या ध्यासाने त्यांनी देशात हवामानाची उपकरणं बनवून घेतली. १९६० च्या दशकात त्यांच्या मार्गदर्शनाखाली फुग्याला बांधून आकाशात सोडायचं ओझोनमापक यंत्र भारतात तयार झालं. वर किती ओझोन आहे हे आपल्याच यंत्राने सांगता येऊ लागलं, ते त्यांच्यामुळे.

समुद्र, वारा आणि ढग

मग समुद्र करतो काय? तो पारा खाली ठेवतो, किरण नाही. उन्हात जमीन लवकर तापते, पाणी उशिरा. जमिनीवरची हवा वर उचलली जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा आत शिरते. दुपारच्या सुमारास हे खारे वारे वाहू लागले की जुहू-वर्सोव्याचा पारा चढायचा थांबतो. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडचे कोरडे वारे जोरात असले आणि खारे वारे उशिरा आले, तर मुंबईही पोळते. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांची नोंद झाली होती. घाटकोपर-मुलुंडला वारा पोहोचेपर्यंत मधली तापलेली वस्ती आणि राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आड येतात, म्हणून तिकडचे लोक अंधेरीवाल्यांपेक्षा जास्त उकाडा सोसतात. अतिनील निर्देशांक मात्र वर्सोव्याच्या वाळूत आणि मुलुंडच्या एलबीएस मार्गावर जवळजवळ एकच असतो. वाऱ्याला तापलेली हवा हलवता येते. सूर्याकडून सरळ येणाऱ्या किरणाला तो हात लावू शकत नाही.

दमट हवेचं तसंच. हवेतली वाफ अवरक्त किरणांचा काही भाग शोषते, त्यामुळे चटका थोडा बोथट होतो. अतिनील किरण तिच्यातून आरामात जातात. उन्हाची धार कमी वाटते आणि धोका तेवढाच राहतो. किनाऱ्यावरची फसगत होते ती इथे.

समुद्राचं पाणी आरशासारखं किरण परावर्तित करतं, हा समज मात्र अर्धाच खरा. शांत पाणी अतिनील किरणांपैकी १० टक्क्यांहून कमी परत फेकतं. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के, लाटांचा पांढरा फेस २५ टक्क्यांपर्यंत. पाण्यात गळ्यापर्यंत उभं राहिलं म्हणजे सुटका झाली, असंही नाही. अर्धा मीटर खोलीवरही पृष्ठभागाच्या सुमारे ४० टक्के अतिनील किरण पोहोचतात.

खरा ‘आरसा’ आहे तो आकाशाचा. हवेचे रेणू लहान लांबीच्या लहरींना जास्त विखुरतात, म्हणून निळा रंग सगळीकडे पसरतो आणि आकाश निळं दिसतं. अतिनील लहरी निळ्याहूनही लहान, म्हणून त्या आणखी विखुरतात. सूर्य वर असताना ‘बी’ प्रकारच्या किरणांपैकी साधारण निम्मे थेट सूर्याकडून न येता आकाशाच्या सगळ्या दिशांनी येतात. जुहूच्या चौपाटीवर छत्रीखाली बसलेल्या माणसावर सूर्य नसतो, पण मोकळं आकाश त्याच्याकडे बघत असतंच. उंच इमारतींमधल्या अरुंद गल्लीची किंवा वडाच्या झाडाची सावली छत्रीपेक्षा भरवशाची, कारण तिथे आकाशच कमी दिसतं.

ढगांचा खेळ जास्त फसवा. पावसाळ्यातले काळे, जाड ढग निर्देशांक निम्म्याहूनही खाली आणतात. पण पातळ पांढऱ्या ढगांतून ९० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण येऊ शकतात. आणि श्रावणातलं ऊन-पावसाचं आकाश तर वेगळंच प्रकरण आहे. जुलैअखेर सूर्य पुन्हा डोक्यावर आलेला असतो. पावसाने हवेतली धूळ आणि धूर धुऊन काढलेले असतात. ढग फाटून मध्ये सूर्य दिसला की थेट किरण तर येतातच, शिवाय कापसासारख्या ढगांच्या उजळ कडांवरून परावर्तित झालेले किरणही खाली पडतात. अशा काही मिनिटांत निर्देशांक निरभ्र आकाशापेक्षाही वर उडी मारू शकतो. हवा ओली, गार, अंगावर नुकतीच सर येऊन गेलेली आणि आकडा मे महिन्याच्या जवळपास.

हिवाळ्यात मुंबईवर साचणारं धुरकं काही किरण अडवतं, हे खरं. पण फुप्फुसाला जाच करणाऱ्या धुराने त्वचेला वाचवावं, हा काही समाधान मानण्यासारखा सौदा नाही.

चौकट: आपलीच सावली, आपलंच यंत्र

भर उन्हात सपाट जमिनीवर उभं राहून आपली सावली बघावी.

सावली आपल्यापेक्षा लांब: सूर्य ४५ अंशांच्या खाली, अतिनील किरण तुलनेने कमी.

सावली आपल्यापेक्षा आखूड: निर्देशांक साधारण ६ किंवा त्याहून जास्त. टोपी, पूर्ण बाह्या, सावली शोधावी.

सावली पायाशी गोळा: निर्देशांक ११ च्या घरात. उघड्यावर थांबणं टाळावं.

मेच्या मध्यात मुंबईत सावली सकाळी साडेनवाच्या सुमारास उंचीएवढी होते आणि दुपारी पावणेचारपर्यंत आखूड राहते.

लोकल, रिक्षा आणि काच

साधी खिडकीची काच ‘बी’ प्रकार जवळजवळ पूर्ण अडवते, ‘ए’ बराचसा आत सोडते. म्हणून काचेआड बसून त्वचा भाजत नाही, पण वर्षानुवर्षांनी डागाळते. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१२ साली एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला. २८ वर्षं गाडी चालवलेल्या त्या माणसाच्या खिडकीकडच्या डाव्या गालावर खोल सुरकुत्यांचं जाळं होतं आणि उजवा गाल त्या मानाने तरुण होता. भारतात चालक उजवीकडे बसतो, म्हणून इथल्या टॅक्सी-ट्रकचालकांचा उजवा हात आणि उजवा गाल बघावा.

साध्या लोकलमध्ये दुपारच्या वेळी उघड्या खिडकीत हात टेकून बसलेल्याला काचेचंही संरक्षण नसतं. पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून पहिली वातानुकूलित लोकल सुटली. तिच्या बंद काचांनी गारव्याबरोबर ‘बी’ किरणांपासूनही आडोसा दिला. उपनगरांची ओळख असलेल्या रिक्षाला ना दार, ना काच. चालकाचे हात आठ-दहा तास उघडे. वर्सोव्यात किंवा गोराईत बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या कोळी बायका डोक्यावर पदर घट्ट ओढून घेतात, ते पिढ्यांच्या शहाणपणातून. ज्या उन्हात बोंबील वाळतात, त्याच उन्हात त्यांचे हात आणि डोळे असतात.

कातडी, डोळे आणि ‘ड’ जीवनसत्त्व

‘आपली सावळी कातडी, आपल्याला काय होणार?’ हा प्रश्न नेहमी येतो. त्यात तथ्य आहे. त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरण शोषतं, आणि गोऱ्या लोकांच्या देशांच्या तुलनेत भारतात त्वचेचा कर्करोग बराच कमी आढळतो. पण मेलॅनिन ही चाळण आहे, भिंत नव्हे. गालांवरचे वांग उन्हाने गडद होतात. पांढरे डाग असलेल्या त्वचेवर मेलॅनिनच नसतं, तिथे हे ऊन थेट भाजतं.

डोळ्यांना तर मेलॅनिनचं कवच पुरत नाही. मोतीबिंदूच्या कारणांत अतिनील किरणांचा वाटा आहे. डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे सरकणारा मांसल पडदा मासेमार, शेतकरी, बांधकाम मजूर यांच्यात जास्त दिसतो, तो बहुतांशी उन्हामुळेच. फूटपाथवरचा नुसता काळा गॉगल इथे उलट काम करू शकतो. अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि काचेत अतिनील रोखण्याची सोय नसेल तर जास्त किरण आत जातात. ‘यूव्ही ४००’ अशी खात्रीची नोंद असलेला साधा, फिक्या काचेचा चष्मा अधिक चांगला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘ड’ जीवनसत्त्व त्वचेत बनतं ते याच ‘बी’ किरणांनी. फ्लॅट, लोकल आणि ऑफिस यांच्या फेऱ्यात अडकलेल्या मुंबईकरांत त्याची कमतरता सर्रास आढळते. काचेआडच्या उन्हाने ते बनत नाही आणि सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात ‘बी’ किरण नगण्य असतात. हातापायांवर थोडा वेळ चढतं ऊन घेणं आणि दुपारी तासन्‌तास उघड्यावर राहणं, यांत फरक आहे. किती वेळ, ते प्रत्येकाच्या वर्णावर आणि वयावर ठरतं. डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

इशारा कोणत्या आकड्यावर?

हवामान खातं किनारपट्टीवर उष्णतेच्या लाटेचा विचार करतं तो कमाल तापमान ३७ अंशांवर गेलं आणि सरासरीपेक्षा बरंच वाढलं, तर. उष्माघाताच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण तापमानावर बेतलेला इशारा डिसेंबरात किंवा श्रावणात सहसा वाजणार नाही. याच पश्चिम किनाऱ्यावरच्या केरळने वेगळी वाट धरली. तिथल्या राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मार्च २०२५ मध्ये ठिकठिकाणचे अतिनील निर्देशांक जाहीर करून पिवळे, नारिंगी, लाल इशारे दिले, आणि सकाळी १० ते दुपारी ३ या वेळात उघड्यावर राहणं टाळा असं लोकांना सांगितलं. मुंबईत पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची, हवेचं प्रदूषण मोजणारी ‘सफर’ यंत्रणा २०१५ पासून काम करते आहे. तिची केंद्रं अंधेरी-बोरिवलीतही आहेत. प्रदूषणाचा आकडा मुंबईकर त्यामुळे रोज बघायला शिकले. कमाल-किमान तापमानाशेजारी अतिनील निर्देशांकाचा एक रकाना वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी द्यावा, एवढी मागणी अवास्तव नाही.

शाळांनी तर त्यासाठी थांबूही नये. उपनगरांतल्या बहुतेक शाळांचे क्रीडामहोत्सव डिसेंबर-जानेवारीत होतात. ‘थंडी आहे, मुलांना त्रास नाही’ या विचाराने संचलन आणि अंतिम शर्यती अकरा ते एकच्या दरम्यान ठेवल्या जातात. दिवसभरातल्या अतिनील किरणांपैकी साधारण ६० टक्के सकाळी १० ते दुपारी २ या चार तासांत पडतात. शर्यती साडेनवापर्यंत संपवल्या, बक्षीस समारंभ मांडवात घेतला आणि गणवेशात काठाची टोपी घेतली, तर यातलं काहीच खर्चिक नाही.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी येत्या २२ डिसेंबरला मोजपट्टी घेऊन बोरिवलीतल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर जावं. दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांनी, वर्षातल्या सर्वांत खालच्या सूर्यात, ५ फूट ४ इंच उंचीच्या माणसाची सावली ४ फूट ११ इंच भरेल.